साखरपुड्याचा नीलम जडवण्याआधी

इंदूरच्या सराफ्यात दोन नीलम सारखेच दिसतात, पण भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कारण बहुधा खड्यावरची प्रक्रिया.

१. खडा सुटाच पाहा, तोही दिवसा, दुकानाच्या दारात. पिवळ्या दिव्याखाली नीलमाचा खरा रंग कळत नाही (आणि रात्री सराफ्यात खाऊगल्ली भरते, तिथे खवय्यांचंच राज्य).

२. पांढऱ्या वाटीत पाण्यात बुडवा. निळा रंग पैलूंच्या कडांवर गोळा झालेला दिसला, तर तो वरून मुरवल्याचा संशय घ्या. १० पटीच्या भिंगातून चपटे बुडबुडे किंवा फिरवताना भेगांत निळी झळक दिसली, तर काच भरलेली आहे. असा खडा रोजच्या अंगठीत नकोच. ही काच लिंबाच्या रसानेही खराब होते.

३. नुसता तापवलेला नीलम बिनधास्त घ्या, रंग टिकतो. बेरिलियमची प्रक्रिया (तापवताना हे मूलद्रव्य खड्यात मुरवून रंग बदलणं) मात्र प्रयोगशाळेतच कळते. अहवालातलं वजन आणि मिलिमीटरमधली मापं खड्याशी जुळवा.

४. भाव कॅरेटवर ठरवा, रत्तीवर नाही. बिलावर नुसतं ‘नैसर्गिक’ पुरत नाही, काच भरलेला नीलमही नैसर्गिकच! ‘तापवलेला’ की ‘प्रक्रियारहित’, तेच लिहून घ्या.

सावधान: अंगठी लहान-मोठी करताना खड्यावरची प्रक्रिया कारागिराला आधी सांगा. काच भरलेला खडा डागणीच्या (धातू जोडण्याच्या) आचेने आणि तेजाबाने बिघडतो.