घरच्या गॅरेजसाठी वेल्डिंग मशीन घेताय? आधी घरची लाईन बघा

दुकानात गेलं की पहिला प्रश्न, किती अँपिअरचं देऊ? आणि आपण पण २००, २५०, जास्त असलेलं बरं म्हणून मोठ्ठं मशीन उचलून आणतो. पण घरी सिंगल फेज आणि १६ अँपिअरचा प्लग, त्यातून जेवढी पॉवर निघेल तेवढंच वेल्डिंग होणार, स्टिकरवर काही का छापलेलं असेना.

घरी आपली कामं काय तर गेटचं तुटलेलं बिजागर, कुंड्यांचं स्टँड, एखादं वर्कबेंच. म्हणजे अँगल नाहीतर चौकोनी पाईप, जाडी २ ते ५ एमएम. याला ६०१३ (साध्या लोखंडासाठीचा रॉडचा प्रकार) मधला १२ नंबर रॉड म्हणजे अडीच एमएमचा बास झाला, ७० ते ९० अँपिअरवर मस्त चालतो. १० नंबर, म्हणजे त्याहून जाडा, लावलात तर १०० च्या पुढे जावं लागतं आणि मग घरचा एमसीबी पडायला लागतो.

त्यामुळे साधं इन्व्हर्टर आर्क मशीन, म्हणजे रॉडवर चालणारं हलकं इलेक्ट्रॉनिक मशीन, आयजीबीटीवालं (आत त्या नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच असतात) घ्या. जुनं ट्रान्सफॉर्मरवालं दणकट असतं मान्य, पण उचलताना कंबर जाते आणि लाईनवर लोड पण जास्त.

आता खरी गोम ड्युटी सायकलमध्ये आहे, जे कोणी विचारतच नाही. ६० टक्के म्हणजे १० मिनिटांत ६ मिनिटं वेल्डिंग, ४ मिनिटं आराम, पण हे किती अँपिअरला ते विचारा, स्वस्त मशीनवर ते लिहिलेलंच नसतं. दुकानदाराला सांगा समोर १० नंबरचे दोन रॉड सलग जाळून दाखव, का-कू करायला लागला तर पुढचं दुकान. गावाकडे व्होल्टेज १८० पर्यंत पडत असेल तर तेवढ्यावर चालणारं मॉडेल मागा.

१ एमएमच्या आसपासचा पत्रा, गाडीची बॉडी असलं काम असेल तरच मिगकडे (रॉडऐवजी सलग येणारी वायर आणि गॅसवर चालणारं मशीन) वळा, रॉडच्या आर्कने त्याला भोकंच पडतात, गॅस सिलिंडर नको असेल तर त्याशिवाय चालणारी फ्लक्स कोअर वायर मिळते.

बॉक्समधल्या हातातल्या काचेवर भागवू नका हो, ऑटो डार्कनिंग हेल्मेट घ्याच. जीआय पाईप असेल तर वेल्डिंगच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढा, तो धूर वाईट, अंगात ताप भरतो. बाईक गॅरेजमधून बाहेर. आणि पावसाळ्यात रॉडचं पाकीट हवाबंद डब्यात.