फोनवरची फसवणूक टाळायची तर आज संध्याकाळी घरात एवढं करा

मागच्या वर्षी वडिलांना फोन आला. "लष्करातून बोलतोय, जवानांसाठी दोनशे टॉवेल पाहिजेत, आगाऊ रक्कम आत्ताच पाठवतो." वडिलांचं सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेलं. एवढी मोठी ऑर्डर आली म्हटल्यावर ते हरखले. समोरच्यानं व्हॉट्सॲपवर क्यूआर कोड पाठवला. "स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." वडिलांनी दोनदा पिन टाकला आणि १८,००० रुपये गेले. आम्हाला कळलं तिसऱ्या दिवशी, कारण "पोरं काय म्हणतील" या धास्तीनं ते बोललेच नाहीत. पैशांपेक्षा ते दोन दिवस मला अजून सलतात.

म्हणून जेवणं झाली की घरातले सगळे फोन घेऊन बसा. तासाभराचं काम आहे.

आधी पिनचं बघू. यूपीआयचा पिन लागतो तो पैसे द्यायला किंवा खात्यातली शिल्लक बघायला. पैसे घ्यायला पिन लागत नाही, क्यूआर स्कॅनही करावा लागत नाही. घरात तेलुगू किंवा कन्नड बोलत असतील तर हे वाक्य त्याच भाषेत सांगा आणि त्यांच्याकडून परत म्हणवून घ्या. दुकान असेल तर आणखी एक. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत गिऱ्हाईक "पैसे पाठवले" म्हणून स्क्रीनशॉट दाखवतं. तो बनवता येतो. साउंडबॉक्स बोलला किंवा खात्यात रक्कम दिसली, तरच माल द्या.

मग व्हॉट्सॲपवर येणाऱ्या फाइली. सध्या मला सर्वात जास्त भीती याचीच वाटते. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, पीएम किसानचा हप्ता, बँकेचं केवायसी अशा नावानं फाइल येते आणि नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. एपीके म्हणजे अख्खं ॲप. ते बसवलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, मग तुमचा ओटीपी चोराला घरबसल्या मिळतो. शिवाय तीच फाइल तुमच्या नावानं तुमच्या नातेवाइकांना जाते. म्हणजे पाठवणारा ओळखीचा आहे, एवढ्यावर भरवसा ठेवता येत नाही.

अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करणे' असं शोधा आणि व्हॉट्सॲप व ब्राउझरसमोरची परवानगी बंद करा. प्ले स्टोअरमध्ये वर कोपऱ्यातल्या आपल्या चित्रावर दाबून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे घातक ॲप शोधणारी सोय, चालू आहे ना, ते पाहा. चुकून फाइल बसलीच, तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि वाय-फायही बंद झालं का पाहा. बँकेला दुसऱ्या फोनवरून कळवा, पासवर्डही दुसऱ्या फोनवरूनच बदला. मग तो फोन फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा कोरा करा. नुसतं ॲप काढून टाकण्यावर मी विसंबणार नाही.

व्हॉट्सॲपलाच कुलूप. सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशन. सहा अंकी पिन ठरवा. भावाच्या नावानं "अर्जंट पैसे पाठव" असा मेसेज आला तर त्याला फोन लावून आवाज ऐका, मगच पाठवा.

सिम मोजा. संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. ओळखीचा नसलेला नंबर तिथूनच कळवता येतो. फोन हरवला तर तो ब्लॉक करायची सोयही तिथेच आहे.

पोलिसाच्या गणवेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला तर ठेवून द्या. 'तुमच्या पार्सलमध्ये अंमली पदार्थ सापडले', 'आधार गुन्ह्यात वापरलं', 'कॅमेऱ्यासमोरून उठू नका' असं म्हणत माणसाला तासन्‌तास बसवून ठेवतात. याला ते 'डिजिटल अटक' म्हणतात, पण अशी गोष्ट आपल्या कायद्यातच नाही. पंतप्रधानांनीही ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हेच सांगितलं होतं. घरात एकटे राहणारे सेवानिवृत्त शिक्षक, आजी-आजोबा असतील तर त्यांच्याशी याबद्दल स्वतः जाऊन बोला.

आणि पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा नंबर आहे. चोर रक्कम एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरवतो आणि काढून घेतो. ती एखाद्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येते, म्हणून इथे मिनिटं मोजायची. बारा अंकी यूटीआर क्रमांक (म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरच्याचा नंबर हाताशी ठेवा. चॅट पुसू नका. लगेच बँकेलाही कळवा आणि तक्रार क्रमांक मागून घ्या. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये आणलेल्या नियमानुसार, पिन तुमच्याच चुकीनं गेला असला तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेनं सोसायचं असतं. नंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर लेखी तक्रार करा, किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात जा.

आमच्या घरी १९३० हा आकडा जाड पेननं लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलाय. त्याखाली वडिलांनीच लिहिलंय, "लगेच सांगा. कुणी रागावणार नाही."