थंड इंजिन मिसिंग करतंय? पार्ट बदलण्याआधी या चुका टाळा

सकाळी पहिला सेल्फ मारला की इंजिन थरथरतं, एखादा सिलिंडर पडल्यासारखा आवाज येतो, पहिल्या गिअरला गाडी झटके देते. तीन-चार मिनिटांत सगळं शांत. मग प्लग बदलले जातात, प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या कॉइल बदलल्या जातात, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर काढून धुतले जातात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन तसंच थरथरतं. यातले बहुतेक पार्ट चांगलेच असतात. चुकलेली असते ती तपासणीची वेळ.

गरम इंजिन तपासायला घेणं

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि तिच्यापुढे बाकीच्या चुका किरकोळ आहेत. गाडी चालवत गॅरेजला न्यायची, तिथे स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे आणि दोषाचे कोड वाचणारं यंत्र) लावायचा, सगळे आकडे बरोबर दिसले की "काही नाही, प्लग टाकून बघू" म्हणायचं. गॅरेजला पोचेपर्यंत दोष निघून गेलेला असतो. थंड इंजिन म्हणजे किमान सहा ते आठ तास बंद असलेलं, शक्यतो रात्रभर उभं असलेलं. दोन तासांपूर्वी बंद केलेल्या इंजिनचा वरचा भाग हाताला कोमट लागतो, पण आतलं कूलंट अजून चांगलंच गरम असू शकतं. त्यावर केलेली तपासणी फुकट जाते.

दोष "आपोआप" का जातो, हे नीट समजून घ्या. थंड इंजिनात पेट्रोलची पूर्ण वाफ होत नाही. बराचसा भाग इनटेक पोर्टच्या (सिलिंडरमध्ये हवा नेणाऱ्या वाटेच्या) भिंतीला आणि व्हॉल्व्हच्या पाठीला ओलाच चिकटतो. म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, सुरुवातीला जास्त पेट्रोल सोडते. धुरातला ऑक्सिजन मोजून मिश्रण कळवणारा ऑक्सिजन सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याशिवाय कामाला लागत नाही. तोवर ईसीयू आपल्याकडे साठवलेल्या आकड्यांवर चालते, मिश्रण कमीजास्त झालं तरी तिला कळत नाही. सेन्सर तापला की ती पेट्रोल कमीजास्त करून घेते आणि इंजिन सुरळीत होतं. दोष जागच्या जागीच असतो, फक्त झाकला जातो.

म्हणजे दिवसाला एकच संधी, तीही पहिल्या दोन मिनिटांची. तयारी रात्रीच करून ठेवा. सकाळी चावी ऑन करा, सेल्फ मारू नका. स्कॅनरवर कूलंटचं तापमान आणि इनटेक हवेचं तापमान पाहा. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही आकडे बाहेरच्या हवेच्या आसपास असतात, एकमेकांत चार-पाच अंशांपेक्षा जास्त फरक नको. कूलंट सेन्सर हवेपेक्षा ३० अंश जास्त दाखवत असेल, तर ईसीयू इंजिन कोमट आहे असं धरून पेट्रोल कमी सोडते, आणि दोष तिथेच सापडला. उणे ४० दिसलं तर वायर तुटली आहे किंवा कनेक्टर निघाला आहे. शंका असेल तर सेन्सर मल्टिमीटरवर मोजा: नेहमीचा कूलंट सेन्सर २० अंशांना साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास दाखवतो. नेमके आकडे त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

मग सेल्फ मारा आणि दोन मिनिटं आरपीएम, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमीजास्त करते तो आकडा), प्रत्येक सिलिंडरचा मिसफायर काउंटर (सिलिंडर किती वेळा पेटला नाही त्याची मोजणी) असं सगळं रेकॉर्ड करा. या वेळेत रेस देऊ नका. रेस दिली की इंजिन लवकर तापतं आणि हातची संधी जाते.

कोड आधी पुसून टाकणं

पी०३०१ (पहिला सिलिंडर मिस) किंवा पी०३०० (कुठलाही ठरावीक नसलेला सिलिंडर मिस) असा कोड दिसला की लगेच "क्लिअर" दाबायची सवय मोडा. कोडबरोबर फ्रीझ फ्रेम, म्हणजे दोषाच्या क्षणाची नोंदही पुसली जाते. दोष आला तेव्हा कूलंट किती अंशांवर होतं, आरपीएम किती होता, लोड किती होता, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आधी फोटो काढा.

कूलंटची गळती प्लगच्या माथी मारणं

हा घोटाळा इतका ठरावीक आहे की त्याचा क्रमही पाठ झाला आहे. सकाळी पहिली तीस-चाळीस सेकंद एकच सिलिंडर मिस होतो, मग इंजिन छान चालतं. स्कॅनर पी०३०३ दाखवतो. तिसरा प्लग काढला तर ओला. निष्कर्ष निघतो "प्लग गेला", नवा प्लग बसतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून कॉइल नवी येते. मग इंजेक्टर. दरम्यान कूलंटची पातळी आठवड्याला थोडी थोडी खाली जात असते आणि मालक ती भरत असतो, पण या दोन गोष्टींचा संबंध कुणीच जोडत नाही. प्रत्यक्षात हेड गास्केटमधून (इंजिन ब्लॉक आणि हेडमधल्या पॅकिंगमधून), किंवा हेडच्या बारीक चिरेतून, थेंबभर कूलंट रात्री त्या सिलिंडरमध्ये उतरत असतं. इंजिन बंद केल्यावर कूलिंग सिस्टीममधला दाब बराच वेळ टिकतो, तोच ते आत ढकलतो. सकाळी प्लग त्या ओलाव्याने भिजलेला असतो. ओलावा जळून गेला की सिलिंडर कामाला लागतो.

प्लग ओला दिसला की आधी वास घ्या. पेट्रोलचा वास ओळखीचा. कूलंट बोटाला किंचित चिकट लागतं आणि गोडसर वासाचं असतं. चाखून पाहू नका, ते विषारी आहे. नंतर संध्याकाळी इंजिन थंड झाल्यावर प्रेशर टेस्टर लावून रेडिएटरच्या टोपीवर लिहिलेल्या दाबाइतका, म्हणजे बहुधा १ बारच्या आसपास, दाब भरा आणि रात्रभर ठेवा. सकाळी प्लग काढून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) आत घाला. एका पिस्टनवर ओल दिसली आणि बाकीचे कोरडे असले तर आणखी पुरावा नको. दाब जास्त घसरला असेल तर प्लग काढलेले असतानाच सेल्फ मारा: पाणी साचलेलं असेल तर ते प्लगच्या भोकातून उडतं. डोळे बाजूला ठेवा. प्लग लावून सेल्फ मारलात आणि पाणी जास्त असलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

अशी गाडी "अजून चालतेय ना" म्हणून महिनोन्महिने चालवू नये. कूलंटमुळे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) दोन्ही खराब होतात.

चालू इंजिनची कॉइल उपटणं

कोणता सिलिंडर पडला ते शोधायला अनेक जण हेच करतात. कॉइल काढली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो, ते न जळता कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तिथे पेटतं. इंजेक्टरचा कनेक्टर काढा. आरपीएम पडला नाही तर तो सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हता. कॉइलवर संशय असेल तर ती शेजारच्या सिलिंडरला लावा आणि दुसऱ्या दिवशी थंड इंजिनवर पाहा. मिसफायर कॉइलबरोबर सरकला तर कॉइल, जागीच राहिला तर दुसरं काहीतरी.

व्हॅक्यूम गळती स्प्रेने शोधणं

व्हॅक्यूम गळती म्हणजे फटीतून इंजिनात शिरणारी जादा हवा. ती शोधायला मॅनिफोल्डवर (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांवर) कार्ब क्लीनर मारत फिरायची पद्धत मला मान्य नाही. जवळच एक्झॉस्ट तापलेला असू शकतो, आग लागू शकते. शिवाय स्प्रे हवेबरोबर फिल्टरमध्ये ओढला जातो आणि भलतीच जागा दाखवतो. स्मोक टेस्ट (नळ्यांत धूर भरून तो कुठून निघतो ते पाहणं) करा, तीही थंड इंजिनवर, कारण इनटेक गास्केट आणि जुने रबरी पाइप थंडीत आकसतात आणि गरम झाल्यावर बंद बसतात. त्याआधी ट्रिम वाचा: गरम इंजिनवर स्लोला (रेस न देता चालू इंजिनवर) ट्रिम अधिक १० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याच्या जवळ, तर बहुधा हवा आत शिरते आहे. आरपीएमबरोबर ट्रिम वाढतच गेली, तर पेट्रोलचा दाब तपासा.

पर्ज व्हॉल्व्ह, म्हणजे टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, विसरू नका. थंड इंजिनात तो बंद असायला हवा. इंजिन चालू ठेवून टाकीकडून येणारा पाइप काढून बोटाने पाहा, ओढ जाणवली तर व्हॉल्व्ह अडकला आहे.

काही छोट्या चुका

प्लगचा गॅप न मोजता बसवणं. इरिडियम प्लगचं टोक तारेने घासणं. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) धुऊन आयडल रिलर्न, म्हणजे ईसीयूला स्लो पुन्हा शिकवणं, न करणं, आणि मग वाढलेल्या स्लोला नवा दोष समजणं. गाडी दोन फूट सरकवून लगेच बंद करणं, त्याने प्लग भिजतात. भिजलेच तर पॅडल पूर्ण दाबून सेल्फ मारा, बहुतेक गाड्यांत त्या वेळी इंजेक्टर बंद राहतात.

पहिला अर्धा मिनिट आरपीएम १२०० च्या वर आणि आवाज थोडा राठ असणं हा दोष नाही. कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ईसीयू मुद्दाम ठिणगी उशिरा देते. त्याची दुरुस्ती करायला जाऊ नका.

बाटलीतल्या क्लीनरवर भरवसा

व्हॉल्व्हच्या पाठीवर कार्बनचा थर जमला की तो थंडीत स्पंजसारखं पेट्रोल शोषतो आणि सिलिंडरला कमी मिळतं. पोर्ट इंजेक्शनच्या गाडीत टाकीत घातलेलं चांगलं क्लीनर काही प्रमाणात उपयोगी पडतं, कारण पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच जातं. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये पडतं, क्लीनर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. तिथे मॅनिफोल्ड काढून बोअरस्कोपने व्हॉल्व्ह पाहावे लागतात, आणि थर जाड असेल तर अक्रोडाच्या टरफलांच्या भुकटीचा मारा करून तो काढतात. हे करताना ज्या सिलिंडरवर काम चाललं आहे त्याचे व्हॉल्व्ह बंद आहेत ना, हे इंजिन हाताने फिरवून आधी बघा.