गहू काढताना सशाचं पिल्लू सापडलं तर

मार्च-एप्रिलात इंदूर जिल्ह्यात सांवेर, देपालपूर, महूकडे गव्हात हार्वेस्टर शिरला की सशाची पिल्लं उघडी पडतात. पिल्लू एकटं असतं, पळत नाही. बिचाऱ्याची आई गेली असं समजून लोक ते घरी आणतात आणि बहुतेक वेळा ते घरीच दगावतं.

रानससा बीळ करत नाही. पिल्लं जन्मतःच केसाळ, डोळे उघडे असलेली. आपल्या वासावर कुत्री-कोल्हे येऊ नयेत म्हणून आई दिवसभर लांब राहते आणि अंधार पडल्यावर काही मिनिटं येऊन पाजून जाते. तेव्हा धडधाकट पिल्लू आहे तिथेच राहू द्या, कुत्री बांधून ठेवा.

यंत्र तिथून जाणारच असेल, तर हातांना शेतातली माती चोळा, पिल्लू खालच्या काडासकट उचला आणि जवळच्याच बांधावर झुडपाच्या सावलीत ठेवा. वीस पावलांपलीकडे नको. आई जुन्या जागेभोवतीच शोधते. माणसाचा हात लागला की आई टाकते, ही समजूत चुकीची आहे. घरी आणलेलं पिल्लूही त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत, परत नेऊन ठेवा.

गाईचं दूध अजिबात पाजू नका. सशाचं दूध दाट, स्निग्ध आणि कमी साखरेचं असतं. गाईच्या दुधानं पोट फुगतं, हगवण लागते. ड्रॉपरनं पाजताना दूध फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो.

जखम, माश्यांची अंडी, गार पडलेलं अंग किंवा कुत्र्या-मांजराचा दात लागलेला दिसला, तरच उचलून न्या. मांजराच्या दाताची जखम बारीक दिसली तरी जंतुसंसर्ग पसरतो, त्यात उशीर नको. भोकं पाडलेल्या खोक्यात सुती कापड घाला. अंग गार असेल तर एका बाजूला कापडात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. खोकं अंधारात, शांत जागी असू द्या. ससा नुसत्या भीतीनंही मरतो. लगेच वन विभागाला कळवा. 1972 च्या वन्यजीव कायद्यानुसार रानससा पाळणं गुन्हा आहे.

खरा बचाव मात्र कापणीच्या पद्धतीत आहे. कडेकडेनं गोल फिरत आत गेलात तर जनावरं मधल्या पट्ट्यात कोंडून शेवटी पात्याखाली येतात. मधून सुरू करून बाहेर या, किंवा एका बाजूनं झुडपी बांधाकडे सरका, आणि शेवटचे पट्टे सावकाश घ्या. कापणीआधी दोघांनी काठीनं गहू हलवत शेतातून फिरावं. मोठे ससे उठून जातात, दबून बसलेली पिल्लं नजरेस पडतात. नरवाई, म्हणजे कापणीनंतर शेतात उरलेले गव्हाचे खुंट, जाळू नका. मध्य प्रदेशात त्यावर बंदी आहे, दंडही होतो, आणि बांधावर हलवलेलं पिल्लूही त्या आगीतून सुटत नाही.