इंजिन भाड्यानं घेताना

माझे बाबा साताऱ्याला दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहायचे. दुसऱ्या कुणी लिहिलेलं खरेदीखत हातात आलं की पहिलं पान ते उलटवूनच टाकत आणि थेट चतुःसीमेवर जात. पूर्वेला कोण, पश्चिमेला कोण, ओढा कुठून जातो. "पहिल्या पानावर सगळं गोडच असतं गं," म्हणायचे. मी आणि माझा मावसभाऊ गडावरच्या रात्रपहाऱ्याबद्दलचा एक छोटा व्हिडिओ गेम करायला बसलो, तेव्हा गेम इंजिनांचे, म्हणजे ज्या तयार सॉफ्टवेअरवर गेम उभा राहतो त्याचे, करार मी तसेच वाचले. तुम्हीही तसेच वाचा.

आधी एक पक्कं करा. आपल्यासारख्यांना इंजिन विकत मिळत नाही. पुण्यात आपण लिव्ह अँड लायसन्सवर फ्लॅट घेतो तसाच हा प्रकार: राहायची परवानगी मिळते, मालकी नाही. गोष्ट, चित्रं, संगीत, तुम्ही लिहिलेला कोड हे तुमचं सामान, भिंती त्यांच्या. त्यामुळे "कुठलं इंजिन भारी" हे नंतर, घरमालक कसा आहे ते आधी.

पहिली सीमा पैशाची. टक्केवारी बघून लोक थांबतात, पण टक्के कशावर, हा खरा प्रश्न. एपिक या कंपनीच्या अनरियल इंजिनाचं घ्या. एका गेमची एकूण विक्री १० लाख डॉलरच्या वर जाईपर्यंत काही द्यायचं नाही, पुढच्या रकमेवर ५ टक्के. २०२५ पासून, एपिकच्या दुकानात गेम इतर दुकानांच्या सोबतच आणला तर साडेतीन. पण ही विक्री म्हणजे गिऱ्हाइकानं मोजलेले पैसे, तुमच्या खात्यात आलेले नव्हेत. समजा स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात १२ लाखांची विक्री झाली. स्टीम त्यातले ३० टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार, आधीच कापून घेतं. तुमच्या हाती येतात ८ लाख ४० हजार. तुम्ही म्हणाल, १० लाखांच्या आत आहोत. नाही. वरच्या २ लाखांवर १० हजार डॉलर द्यावे लागतात. शिवाय गेम बाजारात आणताना त्यांना कळवायचं, आणि मर्यादा ओलांडली की दर तिमाहीला हिशेब द्यायचा. आमच्या गेमची १२ लाखांची विक्री होणार नाही हे मलाही माहीत आहे. पण प्रकाशकाला टक्केवारी कबूल करताना हा कागद शेजारी उघडा पाहिजे.

युनिटी या दुसऱ्या इंजिनाचा हिशेब वेगळा. तिथं गेम मोजत नाहीत, तुम्हाला मोजतात. मागच्या १२ महिन्यांत उत्पन्न आणि मिळालेला निधी मिळून २ लाख डॉलरच्या आत असाल तर पर्सनल आवृत्ती फुकट. वर गेलात की माणशी वर्षाचं सबस्क्रिप्शन. 'निधी' हा शब्द सोडून वाचू नका. गेम विकला नसला तरी गुंतवणूकदाराचा चेक मर्यादा ओलांडून देऊ शकतो. आणि बाहेरच्या कंपन्यांची कामं करून पोट भरणाऱ्यांसाठी आणखी एक: दुसऱ्यासाठी काम करत असाल तर त्या गिऱ्हाइकाची उलाढाल धरली जाते. एकाच प्रकल्पात दोघांकडे पर्सनल आणि एकाकडे पैसे भरून घेतलेली प्रो अशी खिचडीही चालत नाही.

दुसरी सीमा काळाची: अटी बदलल्या तर? १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीनं जाहीर केलं, की पुढच्या जानेवारीपासून ठरावीक मर्यादेनंतर दर इन्स्टॉलमागे पैसे लागतील. आधीच बाजारात असलेले गेमही त्यात धरले होते. भाडेकरूनं पाहुणा आणला की दर पाहुण्यामागे वेगळं भाडं, असला तो मामला. गदारोळ झाला, दहा दिवसांत अटी सौम्य केल्या, पुढच्या महिन्यात कंपनीचे प्रमुख जॉन रिचिटिएलो पायउतार झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्कच रद्द झालं. आज ते नाही. पण तुमचा गेम तयार व्हायला तीन वर्षं लागणार, आणि तीन वर्षांत काय काय होतं ते दिसलंच.

म्हणून इंजिन डाउनलोड कराल त्याच दिवशी कराराचं पान पीडीएफ करून ठेवा. इंजिनाचा आवृत्ती क्रमांक आणि तारीख फाइलच्या नावातच टाका. नुसती लिंक ठेवू नका. लिंक तीच राहते आणि मजकूर बदलतो. मग करारात शोधा, की नव्या अटी जुन्या आवृत्तीला लागू होतात का. "तुम्ही ही आवृत्ती वापरता तोवर याच अटी" अशा अर्थाचं वाक्य सापडलं तर ते रंगवून ठेवा. आणि काम निम्म्यावर असताना सहज म्हणून "अपडेट" दाबू नका; त्या बटणामागे नवा करार असू शकतो.

करार मोडल्यावर काय, हे कुणी वाचत नाही. कॅनडातल्या सिलिकॉन नाइट्स या स्टुडिओनं २००७ मध्ये अनरियलच्या मालकांवर, एपिकवर, दावा लावला. एपिकनं उलटा दावा लावला, की आमचा कोड यांनी स्वतःच्या इंजिनात घातला. २०१२ मध्ये निकाल एपिकच्या बाजूनं लागला. सुमारे ४५ लाख डॉलरची भरपाई तर बसलीच, वर न विकलेल्या प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. अनरियलचा सोर्स कोड वाचायला मिळतो म्हणजे तो मुक्त आहे असं नव्हे, हे यावरून ध्यानात घ्या. घरमालकानं कपाटाची किल्ली दिली म्हणून कपाट आपलं होत नाही.

आम्ही शेवटी गोदो हे मुक्त इंजिन घेतलं. एमआयटी परवाना, पानभराचासुद्धा नाही. रॉयल्टी नाही, मर्यादा नाही, मिळालेली आवृत्ती कुणी परत मागू शकत नाही. अट एकच: कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर गेमसोबत द्यायचा. हीच लोक विसरतात. गोदोच्या पोटात इतरांचा तयार कोडही असतो, उदाहरणार्थ फॉन्ट वाचणारी फ्रीटाइप ही लायब्ररी; त्याचेही उल्लेख लागतात. हा मजकूर इंजिनाकडूनच मागून घ्यायची सोय आहे. 'श्रेय' नावाच्या पानात तो ओतला की झालं. तोटा कन्सोलचा. प्लेस्टेशन किंवा स्विचचा कोड गुप्ततेच्या करारांमुळे मुक्त इंजिनात ठेवता येत नाही, त्यामुळे तिकडे जायचं तर ते काम करणाऱ्या कंपनीला वेगळे पैसे.

मुक्त म्हटलं की सगळं सारखं, असंही नाही. क्वेक या जुन्या गेमचं इंजिन जीपीएल नावाच्या मुक्त परवान्याखाली मिळतं. ते घेऊन गेम विकता येतो, पण इंजिनात केलेले बदल सोर्ससकट गिऱ्हाइकाला खुले करावे लागतात. चित्रं आणि नकाशे तुमचेच राहतात.

आमचा निर्णय खरं तर परवान्यानं नाही, 'किल्ला' या शब्दानं झाला. ज्या इंजिनात पहिली चाचणी केली त्यात वेलांटी क ला सोडून पुढच्या ल ला जाऊन चिकटली आणि जोडाक्षर फुटून पाय मोडका ल उभा राहिला. 'पहारेकऱ्या'चं काय झालं ते सांगत नाही. हे सुधारणारं प्लगइन, म्हणजे इंजिनाला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर, विकत मिळत होतं, पण त्याचा परवाना माणशी. आम्ही दोघं, म्हणजे दोन. गोदो ४ मध्ये जोडाक्षरं नीट जुळवणारी हार्फबझ ही लायब्ररी आहे, तिथं अक्षरं पहिल्या फटक्यात नीट बसली. मराठीत गेम करणार असाल तर करार वाचायच्याही आधी ही पाच मिनिटांची चाचणी करा: किल्ला, दुसऱ्या, क्षत्रिय, ज्ञान, ट्रॉली.

फॉन्टलाही परवाना असतोच. आम्ही मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्यांचा 'मुक्ता' हा फॉन्ट घेतला. तो ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे: गेममध्ये भरून विकता येतो, नुसता फॉन्ट विकता येत नाही, परवान्याची फाइल सोबत लागते. आयत्या दगड-झाडांचंही तेच. एपिकनं फुकट वाटलेलं काही साहित्य फक्त अनरियलमध्येच वापरायचं असतं. ते उचलून गोदोत आणलंत तर झाड फुकटचं आणि गुन्हा तुमचा. आम्ही एक वही केली: वस्तू, कुठून, कधी, कुठला परवाना, पावती कुठे. कंटाळवाणी आहे, पण प्रकाशक पहिल्यांदा तीच मागतो.

पैसे भरायची वेळ आली तर परदेशी सबस्क्रिप्शनवर १८ टक्के जीएसटी धरा, आणि बाकीचं सीएला विचारा.

श्रेयाचं पान मागच्या महिन्यात पूर्ण झालं. गोदोचा मजकूर, मुक्ताचा परवाना, मावसभावाचं नाव, माझं नाव, आणि 'करारवाचन' यासमोर बाबांचं. त्यांना दाखवलं. चष्मा वर करून सगळं वाचलं आणि म्हणाले, "बरं आहे. मुद्रांक किती लागला?"