लायब्ररीत छोट्यांसाठी काही सुरू करताय? ट्रेनिंगहून आल्यावर या चुका टाळा

कुटुंबांसाठीच्या सेवा आणि अगदी लहान मुलांची वाचनाची तयारी या विषयावरच्या ट्रेनिंगला ग्रंथपाल फार मनापासून जातात, वह्या भरून आणतात, फोटो काढून आणतात, आणि मग सहा महिन्यांनी बघावं तर लायब्ररीत एवढाच फरक पडलेला असतो की आठवड्याला एक गोष्टीचा तास वाढलाय. मुलं येतात, बसतात, ऐकतात, जातात. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं सगळं मुलापाशी येऊन थांबतं, मुलाला घेऊन आलेल्या माणसापर्यंत ते पोचतच नाही आणि माझ्या मते बाकीच्या बहुतेक चुका यातूनच निघतात.

हिशोब साधा आहे. आठवड्याचे तास १६८, त्यातला अर्धा तास मूल तुमच्यासमोर असतं, तेही आलं तर. उरलेला सगळा वेळ ते आई, बाबा, आजी, आजोबा, सांभाळणाऱ्या ताई, जे कोण असेल त्यांच्याजवळ असतं. मग तुमची मेहनत कुणावर जायला हवी?

मोठ्यांना कडेला बसवणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. मुलं मध्ये सतरंजीवर, पालक मागे खुर्च्यांवर, आणि पाच मिनिटांत सगळे फोनमध्ये. मग आपण चिडतो की बघा यांना पोराची पर्वा नाही, पण अहो, त्यांना बसायची जागाच आपण अशी दिलीय की त्यातून अर्थ निघतो 'तुमचं इथे काम नाही'. खुर्च्या काढून टाका. मूल मांडीवर, मोठं माणूस खाली, ज्यांना खाली बसायला त्रास होतो त्यांच्यासाठी दोन-तीन खुर्च्या पण वर्तुळातच. आणि प्रत्येक गोष्टीआधी मोठ्यांसाठी एकच वाक्य बोला, फक्त एक. "आता या गाण्यात मी शब्द तोडून तोडून म्हणणार आहे, यातून मुलाला आवाज वेगवेगळे ऐकू यायला लागतात, घरी अंघोळ घालताना करून बघा." झालं. भाषण दिलंत की परत फोन बाहेर निघणार.

ज्यांना याचं चांगलं उदाहरण पाहिजे त्यांनी फॅमिली प्लेस लायब्ररीज या अमेरिकेतल्या लायब्ररींच्या जाळ्याची पद्धत समजून घ्यावी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर मिडल कंट्री पब्लिक लायब्ररी आहे, तिथे १९७९ मध्ये पालक आणि मूल अशी एकत्र वर्कशॉप सुरू झाली, त्यातूनच ही पद्धत निघाली. पाच आठवडे, आठवड्यातून एकदा. खोलीभर खेळणी आणि पुस्तकं मांडलेली, मुलं मोठ्यांबरोबर खेळतायत, आणि बोलण्यातल्या अडचणींचे, आहाराचे, बालविकासाचे असे जाणकार आळीपाळीने येऊन त्या खेळातच फिरतात, एकेका पालकाशेजारी जमिनीवर बसून त्याच्या मनातलं ऐकतात. लेक्चर नाही. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हेच, की प्रश्न विचारायला पालकाला सगळ्यांसमोर हात वर करावा लागत नाही.

ट्रेनिंगमधले जड शब्द तसेच पालकांना ऐकवणं

अमेरिकेतल्या सार्वजनिक लायब्ररी आणि बालसेवांच्या संघटनांनी मिळून 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' हा कार्यक्रम २००४ मध्ये आणला, तो सहा कौशल्यांवर उभा होता, ध्वनींची जाण (म्हणजे शब्दातले आवाज वेगवेगळे ओळखता येणं), छापील मजकुराची जाण वगैरे. २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत पालकांसमोर पाच साध्या कृती ठेवल्या: बोलणं, गाणं, वाचणं, लिहिणं, खेळणं. विचार करून बघा, दिवसभर काम करून दमून आलेल्या बापाला 'मुलाची ध्वनींची जाण वाढवा' म्हटलं तर तो काय करणार बिचारा, पण 'कपडे घालताना त्याच्याशी बोलत राहा, एक गाणं म्हणा' हे त्याला आज रात्रीच जमतं. सहा कौशल्यं तुमच्या डोक्यात पक्की असू द्या, तोंडात मात्र पाच कृतीच येऊ द्या.

मूल उत्तर देत नाही म्हणून गोष्ट एकसुरी वाचून संपवणं

गोष्ट वाचताना मुलाला बोलतं करायचं, म्हणजे संवादी वाचन, हे बहुतेक ट्रेनिंगमध्ये असतंच. मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांचा यावरचा सुरुवातीचा अभ्यास १९८८ चा, आणि त्यात शिकवलं होतं ते पालकांना, घरी महिनाभर मुलाबरोबर असं वाचायला. आपण मात्र ते उचलतो आणि पंचवीस मुलांसमोर करायला जातो, मग दोन धीट मुलं ओरडून उत्तरं देतात, बाकीची गप्प, आणि आपण म्हणतो हे काय चालत नाही बुवा.

मोठ्या गटात ते नीट चालणारही नाही. गटात फक्त करून दाखवा आणि मग दहा मिनिटं प्रत्येक जोडीला एकेक पुस्तक देऊन मोकळं सोडा, तुम्ही मधून फिरा. त्या वेळात काय बघायचं ते सांगते. मूल चित्रावर बोट ठेवून म्हणतं, "गाडी." मोठं माणूस पुष्कळदा म्हणतं, "हो, शाब्बास," आणि पान उलटतं. तिथे तुम्ही हळूच शेजारी बसायचं आणि म्हणायचं, "हो रे, लाल गाडी! केवढी मोठी चाकं आहेत तिची. कुठे चालली असेल?" आणि गप्प बसायचं. मनात सावकाश पाच आकडे मोजायचे. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, लगेच उत्तर सांगून टाकावंसं वाटतं, पण लहान मुलाला शब्द जुळवायला वेळ लागतो आणि पुष्कळदा चौथ्या-पाचव्या आकड्याला काहीतरी येतं, "आजीकडे" म्हणा, "भुर्र" म्हणा. ते आलं की तेच वाक्य जरा मोठं करून परत द्यायचं, "आजीकडे चालली लाल गाडी!" बस, एवढंच. हे एकदा डोळ्यांसमोर घडलं की पालकाला वेगळं समजावायला लागत नाही.

उलट टोकाची चूकही होते बरं का. हे काय, ते काय, रंग कुठला, किती आहेत, असा भडिमार सुरू झाला की मुलाला परीक्षेला बसल्यासारखं वाटतं आणि ते पुस्तक ढकलून देतं. पानावर एखादाच प्रश्न, तोही मूल ज्या गोष्टीकडे बघतंय तिच्याबद्दलच.

शून्य ते सहा सगळे एकाच सेशनला

नऊ महिन्यांचं बाळ चित्रावर हात मारतं, चित्रातली वस्तू उचलायला बघतं, पान तोंडात घालतं. याला पुस्तक खराब करणं म्हणू नका. मानसशास्त्रज्ञ ज्युडी डेलोश यांच्या १९९८ च्या अभ्यासात नेमकं हेच दिसलं होतं, नऊ महिन्यांची बाळं फोटोतल्या वस्तू पकडायचा प्रयत्न करतात आणि साधारण एकोणीस महिन्यांपर्यंत ते कमी होऊन मुलं बोट दाखवायला लागतात. म्हणजे ते बाळ चित्र म्हणजे काय हे शोधतंय! त्याला जाड पुठ्ठ्याची पुस्तकं द्या, चाटलेली पुस्तकं टाकायला एक वेगळी टोपली ठेवा आणि सेशननंतर पुसून घ्या. फाटलेल्या पानाचा दंड छोट्यांच्या पुस्तकांना लावू नका, हे वरिष्ठांशी बोलून आधीच ठरवा, कारण एकदा दंड भरलेला पालक पुस्तक घरी न्यायला घाबरतो, आणि पुस्तक घरी गेलंच नाही तर बाकी सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

वेळेचंही तसंच आहे. बाळांना दोन-तीन मिनिटांचं पुस्तक पुरे, दीड-दोन वर्षांचं मूल मध्येच उठून फिरून येणार हे धरूनच चला, आणि ते पालकांना सुरुवातीलाच सांगा म्हणजे ते ओशाळून मुलाला ओढून बसवत नाहीत.

"अक्षरं कधी शिकवणार?"

हा प्रश्न येणारच, आणि तो आला की घाबरून अक्षरांचे तक्ते लावणं ही चूक. पालकाची काळजी खरी असते, तिला उडवून लावू नका. कॅनडातल्या संशोधकांनी २००५ मध्ये चार वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या नजरेचा माग घेतला तेव्हा दिसलं की गोष्ट ऐकताना मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रांकडेच बघतात, मजकुराकडे फारच थोडा वेळ. म्हणजे नुसतं वाचून दाखवलं म्हणून अक्षरं दिसतीलच असं नाही, त्यासाठी नावाखालून बोट फिरवा, एखादा मोठा छापलेला शब्द दाखवा, मुलाच्या नावाचं पहिलं अक्षर पानात शोधा. पालकाला सांगा की अक्षरं येणार आहेत, पण त्याआधी पोतडीत शब्द पाहिजेत, नाहीतर वाचलेल्या अक्षरांचा अर्थ लागणार कशाला?

घरची भाषा सोडायला सांगणं, आणि वाचता न येणाऱ्यांना विसरणं

'घरीही शाळेच्याच भाषेत बोला' असा सल्ला चुकूनही देऊ नका. ज्या भाषेत माणूस मोकळेपणी बोलतो, रागावतो, गाणी म्हणतो त्याच भाषेत मुलाला भरपूर शब्द मिळतात, मोडक्यातोडक्या दुसऱ्या भाषेत बोलायला लावलं तर बोलणंच कमी होतं.

आणि आलेल्या प्रत्येकाला वाचता येतंच असं धरू नका. एखाद्या आजीच्या हातात मजकुराचं पुस्तक देऊन सगळ्यांसमोर "वाचा ना" म्हटलं तर त्या पुढच्या वेळी येणार नाहीत आणि का आल्या नाहीत हे तुम्हाला कधी कळणारही नाही. बिनशब्दांची चित्रपुस्तकं भरपूर ठेवा, सगळ्यांनाच द्या, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. चित्र बघून गोष्ट सांगायची म्हटल्यावर कितीतरी आज्या अशा खुलतात की आपणच ऐकत बसावं.

गर्दी आवरत नाही म्हणून व्हिडिओ लावणं

बाळं भाषा कशी शिकतात याच्या अभ्यासक पॅट्रिशिया कुल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिन चिनी ऐकवली, बारा सेशन, तर ती बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला लागली, पण तेच व्हिडिओवरून किंवा नुसतं रेकॉर्डिंग ऐकवलेल्या बाळांना काहीच आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनाही २०१९ पासून सांगतेय की दोन वर्षांच्या आतल्यांना स्क्रीन नको आणि दोन ते चार वर्षांच्यांना दिवसाला तासाच्या वर नको. गर्दी झाली तर दोन बॅच करा, पण पडदा लावू नका.

ट्रेनिंग एकट्याच्या डोक्यात ठेवणं

तुम्ही शिकून आलात, पण काउंटरवरच्या सहकाऱ्याला काहीच माहीत नाही, मग मूल हसलं की तो "शूऽऽ" करणार आणि रखवालदार बाबागाडी दारातच अडवणार. आल्या आल्या सगळ्या स्टाफला बसवा, अगदी सफाई करणाऱ्या मावशींनाही. छोट्यांचा आवाज होणार, गाडी आत येणार, बाळाला दूध पाजायला शांत कोपरा लागणार, हे त्यांना त्यांच्या कामाच्या भाषेत सांगा. सेशनची वेळ ठरवतानाही त्यांना विचारा, कारण सकाळी अकराला कोण येऊ शकतं आणि कोण नाही हे काउंटरवाल्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. नोकरी करणाऱ्यांसाठी महिन्यातून एखादं सेशन संध्याकाळी ठेवाच.

नुसती डोकी मोजणं

अहवालात 'उपस्थिती ४०' लिहिणं सोपं असतं. त्यापेक्षा किती कुटुंबं परत आली, किती पुस्तकं घरी गेली, आणि दोन-तीन पालकांना विचारून 'घरी काय करून बघितलं' याची एकेक ओळ लिहा. वरिष्ठांना पुढच्या वर्षीचे पैसे मागताना या ओळीच कामाला येतात.

स्वतःच निदान करणं

रोज मुलं बघून बघून आपल्याला अंदाज यायला लागतो की हे मूल उशिरा बोलतंय, याला नीट ऐकू येत नसावं. तरी पालकाला तसं तोंडावर सांगू नका. "तुम्हाला काय वाटतं त्याच्या बोलण्याबद्दल?" एवढं विचारा आणि ऐका, बहुतेकांच्या मनात ती शंका आधीच असते. मग जवळच्या बालरोगतज्ज्ञ, श्रवणतपासणी आणि वाचाउपचाराच्या केंद्रांची छापील यादी हातात द्या. ती यादी दर काही महिन्यांनी स्वतः फोन करून तपासा, बंद पडलेला नंबर हातात मिळालेला पालक दुसरा नंबर शोधेलच असं नाही.