माडाच्या जखमेचा वास आणि सोंड्या भुंगा: या चुका टाळा

हिरवी झावळी बुंध्याला घासून तोडू नका. दरवर्षी हे सांगतो, आणि दरवर्षी बाग स्वच्छ दिसावी म्हणून कोणीतरी पाडेल्याला (माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला) तेच करायला लावतो. ताज्या कापातून रस झरतो, आंबतो आणि त्यातून इथाइल ॲसिटेटसारखी एस्टर (आंबूस-गोड वासाची रसायने) हवेत पसरतात. माड आतून पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याची मादी त्या वासाच्या मागावर येते आणि जखमेत अंडी घालते. गेंड्या भुंग्याने सुरळी (शेंड्यातली न उमललेली झावळी) पोखरली तरी हेच घडते. उमललेल्या झावळीवर त्रिकोणी काप दिसले की पुढचा पाहुणा सोंड्या, असे समजून शेंडा तपासा. झावळी तोडणे अगदी भाग असेल तर सुमारे 120 सेंटिमीटर देठ राखून तोडा. मी वाळून आपोआप सुटेपर्यंत हात लावत नाही.

सापळ्याची चूक याहून महाग पडते. गुहागरकडच्या ओळखीच्या एका बागायतदाराने कामगंध सापळा आणला आणि कोवळ्या माडांच्या मधोमध, एका माडालाच टांगला. बादलीत नुसती ल्यूर, म्हणजे नर भुंग्याच्या गंधाची कुपी. ना पाणी, ना खाद्य. नराच्या गंधाने आसपासचे भुंगे जमले, पण बादलीत उतरावे असे आत काहीच नव्हते. समोर माड होते, ते माडात शिरले. काही महिन्यांनी बुंध्यांतून तपकिरी चीक आणि चघळलेला भुसा येऊ लागला, आणि एका माडाचा शेंडा ओढताच हातात आला. ल्यूर नकली होती, असे तो अजून म्हणतो. ल्यूर चांगलीच होती. एकट्या ल्यूरपेक्षा ती आणि जखमी माडासारखा आंबलेला वास मिळून कितीतरी जास्त भुंगे पकडतात, हे वाचायला त्याला वेळ नव्हता.

मी बादलीला बाहेरून गोणपाट गुंडाळतो, म्हणजे भुंग्याला चढता येते. आत पाणी, ठेचलेले देठ, गूळ आणि थोडे यीस्ट. दर आठवड्याला हे बदलतो. सापळा बागेच्या कडेला, पाच ते वीस वर्षांच्या माडांपासून लांब. याच वयात सोंड्या जास्त लागतो. आठवडाभरात निकाल मागणाऱ्यांनी सापळा लावूच नये.

आपल्या नाकाला आंबट वास येईपर्यंत थांबू नका; तोवर अळ्यांनी गाभा खाल्लेला असतो.

शेणखड्डा बागेत उघडा ठेवू नका. गेंड्याच्या अळ्या तिथेच वाढतात.

झावळ्यांची पाने खाणारी काळ्या डोक्याची अळी दिसताच फवारणी करू नका. गोनिओझस ही गांधीलमाशीच्या कुळातली छोटी परोपजीवी माशी या अळीच्या जाळीतल्या विष्ठेच्या वासावरून तिला शोधते, म्हणून बागेत सोडण्याआधी या माश्यांना तो वास हुंगवतात. फवारणीने आधी त्याच मरतात.